देओलिंडाचा गृहपाठ

शनिवारी रॉटरडॅमच्या बाजारात देओलिंडा मासळीच्या स्टॉलपुढे उभी होती. केप व्हर्देहून आल्यापासून तीस वर्षं तिनं लोकांची ऑफिसं पुसली, आणि आता पासष्टीला ती दर गुरुवारी डच शिकायला जायची. शिक्षिका विल्या गृहपाठ एकच देई. रोजच्या वापरातलं एक वाक्य अनोळखी माणसाला ऐकवायचं आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही.

"मला... दोन मोठे... बांगडे," देओलिंडा म्हणाली.

मासळीवाला इंग्रजीत सुरू झाला.

"डच बोल, बाबा. मला... घाई नाही."

"तुम्हाला नसेल, मावशी. मागे रांग बघा."

"रांगेला... पाय आहेत. उभी... राहील."

दोघंतिघं हसले. "आणि ते... साफ..." ती पुढचा शब्द शोधू लागली. मागे तिची मुलगी झुलमिरा होती. आठव्या वर्षापासून डॉक्टरकडे, घरमालकाकडे आईच्या वतीनं तीच बोलत आलेली. आता एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. तिची कानशिलं तापली. पुढे होऊन तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

ट्राममध्ये आई म्हणाली, "माझं वाक्य होतं ते. चुकलं असतं तरी माझं होतं."

"लोक खोळंबले होते, आई."

"खोळंबू देत. यांच्या खुर्च्यांखालचा केर काढताना मी कधी कुणाला खोळंबवलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

दफनभूमीतलं सभागृह पाऊण तासासाठी मिळालं होतं. झुलमिराचं भाषण हातात तयार होतं, एकही चूक नसलेलं. त्याआधी आईच्या वर्गातला हाब्तोम बोलायला उठला. एरिट्रियाचा, आडदांड, घामानं भिजलेला.

"देओलिंडा मला... रोज... मला..."

तो अडला. झुलमिराचा भाऊ अदिल्सन तिच्या कानाशी आला. "तू सांग ना त्याच्या वतीनं. तासभर लावेल हा."

त्याला हवा तो शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं ओठ मिटले.

सभागृहाचा कर्मचारी वाकून हळूच म्हणाला, "बाई, पुढचं कुटुंब बाहेर आलंय."

"त्यांना बसायला खुर्च्या द्या. हा माणूस बोलतोय."

"पण वेळ..."

"बोलतोय तो."

कर्मचारी दाराशी जाऊन उभा राहिला. हाब्तोमनं डोळे मिटले, बोटं मोडली, आणि कितीतरी वेळानं त्याला शब्द सापडला. "...हसवायची. रोज." तो खाली बसला.

झुलमिरानं हातातला कागद खुर्चीवर ठेवला आणि शवपेटीजवळ गेली. कर्मचाऱ्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. तिनं आवाज दबका केला नाही.

"तुला मदत म्हणून मी पुढे व्हायचे, असं सगळ्यांना वाटायचं. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटायची, आई."