गंगाचा आठवा फोटो

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे. चौकोनी, काळा, पुढे एकच डोळा, मागे एक झाकण आणि त्यावरून बांधायचा पट्टा. देखणा मी कधीच नव्हतो. पण ज्या घरात मला पोटच्या पोरासारखे जपले, त्याच घराचे दुःख मला सांगायचे आहे.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. नवेगाव बांधच्या तलावावर बदकांचे फोटो काढायला येणाऱ्या एका जंगलसाहेबाने मला इकडे आणले. तलावाखाली धानशेती असलेला उमराव त्याचा डोंगा वल्हवी आणि साहेब माझी कळ कशी दाबतो ते टक लावून बघे. १९४७ साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा जाता जाता मला उमरावच्या हाती देऊन गेला.

उमरावची तऱ्हाच न्यारी! त्या काळी माणसे फोटोला उभी राहत ती श्वास कोंडून, खांबासारखी. उमराव मात्र माणूस आपल्या कामात असतानाच कळ दाबी. त्याची बायको शांतीबाई चुलीत फुंकर घालते आहे, डोळ्यांत धूर गेला आहे, की झाले, खट्! रोल धुवायला तो गोंदियाला मनिरामच्या स्टुडिओत जाई. मनिराम कपाळाला हात लावी.

"उमरावभाऊ, ये क्या फोटो है? आदमी को सीधा खडा तो करो!"

शांतीबाई तर तो फोटो पाहून भडकलीच. "असा फोटो कोनी काढते का? लोक पाह्यतीन तं का म्हनतीन?"

पुढच्या साली त्यांना मुलगी झाली, गंगा. तिच्याकडे माझा डोळा वळवायलाही बंदी होती. फोटोने लेकराला नजर लागते, असे शांतीबाईच्या मनाने घेतले होते. सहा वर्षे उमराव मन मारून राहिला. गंगा शाळेत जाऊ लागली तेव्हा कुठे शांतीबाई कबूल झाली, तेही अट घालून. एका रोलवर आठ फोटो निघत.

"सात तुमाले काढाचे तसे काढा," ती म्हणाली. "आठवा माह्यासंगं. दिवारीले, नवं लुगडं नेसून."

त्या पावसाळ्यात मी गंगाला सात वेळा पाहिले. शिंगाडा सोलता सोलता जीभ बाहेर काढणारी गंगा. गुडघ्यापर्यंत चिखल माखून धानाच्या बांधीत उभी असलेली. पाटीवर डोके टेकून झोपी गेलेली. एकदा आईवर रुसली होती आणि तरी तिच्याच पदराचे टोक मुठीत धरून बसली होती. खरे सांगतो, इतके सुखाचे काम मी जन्मात केले नव्हते.

आठवा फोटो राखून ठेवला. आश्विनात गंगाला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. दिवाळीला बारा दिवस उरले होते.

शांतीबाईने अन्न टाकले. "मले तिचं तोंड आठवून नाई राहिलं," म्हणून ती आक्रोश करी. उमराव तिला समजावी, "रडू नोको. आपली गंगा ह्या डब्यात हाय. कापनी झाली का गोंदियाले जातो न तिले घेऊन येतो."

त्या माउलीने ते शब्द जसेच्या तसे खरे धरले. माझ्या पोटात उजेड शिरला तर सारे संपते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. एका दुपारी घरात कोणी नसताना ती मला अंगणातल्या उन्हात घेऊन आली आणि तिने माझे झाकण काढले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो! तिने रोल उलगडला, उन्हात धरून उलटापालटा करून पाहिला.

"गंगे?" तिने हळूच हाक मारली.

पट्टीवर काहीच नव्हते. तिने रोल गुंडाळून जागच्या जागी ठेवला, झाकण लावले आणि वासराला बांधतात तशी माझ्या पट्ट्याला गाठ मारली.

गोंदियाला पट्टा सोडतानाच उमरावने शांतीबाईची ती गाठ ओळखली. मनिराम काळी फिल्म घेऊन बाहेर आला. "पूरा काला, भाऊ. डब्बा किसने खोला?" उमरावने मला काखेत मारले आणि गावची वाट धरली.

शांतीबाई दारातच वाट पाहत होती. "दिसली का वो?"

"नाई. माह्याच हातानं बिघडला. झाकन सैल राह्यलं होतं."

"एवढं एकच काम होतं तुमचं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतेच बोलू लागली. मी फळीवर गेलो. माझ्यात पुन्हा कधी रोल भरला नाही.

१९६० च्या उन्हाळ्यात शेजारच्या लग्नात मनिराम फोटो काढायला आला. पोरे त्याच्या कॅमेऱ्याला झोंबली तसा तो खेकसला, "हात मत लगाना! अंदर उजाला गया तो सब काला!" शांतीबाई मांडवात वाढत होती. ती तशीच घरी आली आणि मला फळीवरून उतरवून अंगणात दोर वळत बसलेल्या नवऱ्यापुढे उभी राहिली.

"तुमाले ठाऊक होतं?"

उमरावने मान खाली घातली.

"काऊन नाई सांगतलं? सहा वर्सं मी तुमाले बोल लावला!"

"मले बोल लावून तू जगली तं," तो म्हणाला.

ती खूप रडली. मग तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला त्याच्या हातात दिले. "काढा. आठवा राह्यला हाय." नवे लुगडे नाही, केस विंचरलेले नाहीत. ती अंगणात उभी राहिली आणि तिने एक हात बाजूला धरला, सहा वर्षांच्या पोरीच्या खांद्याइतका खाली.

उमरावने कळ दाबली. खट्.

"आला का?"

"आला," उमराव म्हणाला. माझे पोट रिकामे होते.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. घरचे माणूस चिखलात, धुरात, विस्कटलेल्या केसांनी समोर असेल तेव्हाच त्याला डोळे भरून पाहा. नव्या कपड्यांची वाट पाहू नका. गंगाचे ते सात फोटो आता फक्त माझ्या डोळ्यात उरले आहेत. अजूनही शांतीबाई कधी कधी मला मांडीवर घेऊन बसते, माझ्या डोळ्यात डोकावते आणि विचारते, "कशी होती रे?" मला सारे ठाऊक आहे, आणि मला तिला काहीच सांगता येत नाही.