रफूवालीचं पान

आरेखकाने बटण दोन केसांइतकं डावीकडे सरकवलं, चष्मा कपाळावर चढवून पडद्यापासून लांब झाला, आणि पुन्हा होतं तिथेच आणून ठेवलं. बटणावर 'कपडा पाठवा' असं लिहिलं होतं. सकाळपासून त्याने ते निळं करून पाहिलं, मातकट करून पाहिलं, कडा गोल करून पाहिल्या. बटण म्हणजे दुकानाचा उंबरा, तिथे गिऱ्हाईक अडखळलं की परत गेलंच म्हणून समजा, असं व्हिडिओतला मास्तर सांगायचा. आरेखकाला ते पटलं होतं. त्या बटणापायी शेजारी ठेवलेला चहा गार झाला होता.

उभी हयात त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढण्यात घालवली. कागदावरची रेघ कुठे वळवायची हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र हाताला रेघच उरली नाही, आणि घरात बोलायला माणूसही उरलं नाही. बायको आजारपणात गेली. पाठोपाठ मुलगी घर सोडून दुसऱ्या शहरात निघून गेली, तीही भांडून.

भांडण तसं एका वाक्याचं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला रामराम ठोकून मुलीने आईचा सुयांचा डबा पुढे ओढला होता. म्हणाली, मी रफूचं काम करणार. फाटलेल्या जागी एकेक धागा विणून भोक होतं की नव्हतं असं करून टाकायचं, ते रफू. तिची आई ते करायची, पण फावल्या वेळात, शेजारणींसाठी. आरेखक बोलून गेला होता:

"लोकांच्या चिंध्या सांधायला शिकवलं का तुला?"

तिने बॅग भरली. नंतर त्याचे फोन उचलले नाहीत, आणि काही काळाने त्यानेही फोन करणं सोडलं. दोघंही सारखेच हट्टी, नमतं घेणार कोण?

मग एकदा मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, पोरीनं नेटवर दुकान मांडलंय बरं का. रफूवाली नाव ठेवलंय. बघा तरी एकदा."

"बघतो," म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आत लॅपटॉप उघडून बसला. लॅपटॉप मुलीचाच जुना. जाण्याच्या कितीतरी आधी तिनेच त्याला तो चालवायला शिकवला होता, ईमेलचं खातंही तिनेच उघडून दिलं होतं.

पान उघडलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, अक्षरांचे चार प्रकार, फोटो तिरपे. काय पाठवायचं, कुठे पाठवायचं, काही म्हणजे काही कळत नव्हतं. आरेखकाने एवढा गबाळा नकाशा कचेरीत कुणाच्या हातून खपवून घेतला नसता. आणि यावर पोरीचं पोट होतं.

त्या दिवसापासून तो शिकायला बसला. सगळं फुकटातलं: फुकटचे व्हिडिओ, फुकटची अक्षरं, चित्रं जुळवायचं फुकटचं साधन. मास्तर दर व्हिडिओच्या सुरुवातीला नमस्कार मंडळी म्हणायचा, आणि आरेखक रिकाम्या खोलीत मोठ्याने नमस्कार म्हणायचा. दिवसभरात तेवढंच काय ते तोंड उघडे. पहिलं पान त्याने टाकी साफ करणाऱ्या एका काल्पनिक माणसासाठी केलं, आणि त्यात इतके रंग ओतले की ते बघून टाकी घाण असलेली परवडली. हळूहळू हात बसला. पानावर रिकामी जागाही लागते, हे कळायला सर्वांत जास्त वेळ गेला.

हात बसल्यावर त्याने नवा ईमेल काढला, 'कोपरा डिझाइन' या नावाने. त्यावरून मुलीला लिहिलं की आम्ही या धंद्यात नवे आहोत, पहिलं विक्रीचं पान फुकट करून देतो, तुमचं आवडेल करायला. बाबा म्हणून लिहिलं असतं तर तिने वाचलंही नसतं, याची त्याला खात्री होती. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, चालेल म्हणून. त्याने कच्च्या पानाचा दुवा पाठवला. दोघांनाही ते एकाच वेळी उघडून त्यात फेरफार करता येत होते. दुवा पाठवल्यावर मात्र ती बरेच दिवस गप्प होती. कंटाळली असेल, दुसरा कुणी मिळाला असेल, असे नाही नाही ते विचार करत तो बसला. शेवटी तिने लिहिलं, "ठीक आहे, सर. चालू ठेवा."

सर. त्या एका शब्दावर त्याने आठवडा काढला.

मग रोजचंच झालं. ती ईमेलमध्ये फोटो पाठवी, सूचना पाठवी. तो फोटोंची मागची बाजू पुसे. पुसायचं साधन धांदरट होतं, शालीच्या दशाच खाऊन टाकी, मग एकेक दशा त्याला हाताने परत आणावी लागे. संध्याकाळी कधीकधी ती स्वतः पानावर येई. म्हणजे काय, तर पडद्यावर एक छोटा जांभळा बाण उगवे आणि त्याच्या शेपटाला 'रफूवाली' असं लिहिलेलं असे. बाण इकडे तिकडे फिरे, फोटोंवरून जाई, तो काम करत असेल तिथे जवळपास रेंगाळे. आरेखक श्वास धरून बसे. काही बोलणं नाही, काही नाही, पण ती तिथे होती. बाण गेला की खोली एकदम मोठी वाटायची.

आणि मग 'माझ्याबद्दल' या भागासाठी तिने मजकूर पाठवला.

'हे काम मी आईकडून शिकले. ती दुपारी खिडकीशी बसून शेजारपाजारचे कपडे रफू करायची. माझ्या वडिलांनी त्याला कधी काम मानलं नाही. म्हणूनच असेल, मी ते फार जपून करते.'

तो उठून गॅलरीत गेला. परत आला. पुन्हा वाचलं. मग गिऱ्हाइकाशी बोलावं तसं त्याने लिहिलं: "मॅडम, विक्रीच्या पानावर वडिलांचं वाक्य जरा जड वाटतं. काढलं तर?"

उत्तर लगेच आलं. "राहू द्या, सर. जागा कमी पडत असेल तर माझा फोटो लहान करा."

त्याने फोटो लहान केला नाही. वाक्य होतं तसं बसवलं, ओळींमधलं अंतर नीट केलं, कुठे शब्द तुटत नाही ना ते पाहिलं. जन्मात इतकं जिवावर आलेलं काम त्याने केलं नव्हतं.

आता पान जवळजवळ झालं होतं. आजच सकाळी तिने विचारलं होतं, "उद्या सुरू करू या का, सर?" म्हणून तर तो बटणाशी खेळत बसला होता. पान सुरू झालं की कोपरा डिझाइनचं काम संपलं. ईमेल संपले, बाण संपला. बटण तर केव्हाच जागच्या जागी बसलं होतं.

दुपारी चष्म्याचा नवा नंबर घ्यायला जायचं होतं. लॅपटॉप उघडाच ठेवून तो निघाला.

कोपऱ्यावरचा चष्मेवाला बोलका माणूस. काचा पुसता पुसता म्हणाला, "डोळ्यांवर एवढा ताण कशाचा हो? या वयात काय नोकरी धरली की काय?"

"पानं करतो. नेटवरची. विक्रीची."

"काय सांगता? मलाही हवंय की एक. दाखवा बघू तुमचं काम."

आरेखकाची छाती जरा फुगली. खोटं कशाला बोला, कौतुकाची भूक कुणाला नसते. त्याने चष्मेवाल्याच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दुवा टाइप केला. पान उघडलं. निवांत करड्या रंगावर फाटलेलं कोपर, शेजारी तेच कोपर धड झालेलं.

"वा," चष्मेवाला म्हणाला. "झकास आहे. पण हा बाबा कोण?"

"कोण बाबा?"

"हा काय." चष्मेवाल्याने बोट ठेवलं. बटणाच्या डाव्या अंगाला एक हिरवा बाण उभा होता. त्याच्या शेपटाला स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'बाबा'.

आरेखक पडद्याकडे वाकला. असा बाण त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"तुमच्या घरी पान उघडं राहिलंय का? मग तुम्हीच हे," चष्मेवाला सहज म्हणाला. "आपलं नाव आपल्याला नाही दिसत, समोरच्याला दिसतं. खात्यावर जे नाव असेल ते. नातवंडांनी उघडून दिलं असेल."

"मुलीने," आरेखक म्हणाला.

नव्या ईमेलचं नाव त्याने किती विचार करून ठेवलं होतं. पण चित्रं जुळवायच्या साधनाने पहिल्या दिवशी विचारलं होतं की जुन्याच खात्याने आत यायचं का, आणि त्याने बरं म्हणून दाबलं होतं. त्या खात्यावर मुलीने तेव्हा घातलेलं नाव होतं. पानाच्या कोपऱ्यात गोलात एक 'ब' दिसायचा खरा. बंद करायचं बटण असेल, हात लागला तर सगळं जाईल, म्हणून तो त्याच्या वाटेला कधी गेला नव्हता.

"तुम्हाला बरं नाही का वाटत? बसा जरा," चष्मेवाला म्हणाला.

"नाही, नाही. चष्मा उद्या नेतो."

रस्त्याने चालताना त्याचे कान तापले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. ते गप्प राहिलेले दिवस, ते त्याचेच. सर सर म्हणत माझी मजा बघत होती का ही? त्याला राग आला, चांगला दोन चौक टिकला. मग तिसऱ्या चौकात सिग्नलला उभा असताना त्याला तो मजकूर आठवला. वडिलांचं ते वाक्य तिने कुणा डिझाइनवाल्याला पाठवलंच नव्हतं. सिग्नल सुटला तरी तो तिथेच उभा राहिला. मागून कुणीतरी, "आजोबा, चला की," म्हणालं.

घरी येऊन त्याने गोलातल्या 'ब'वर बाण नेला आणि दाबलं. काही बंद झालं नाही. नाव बदलायची चौकट उघडली. त्यात 'बाबा' लिहिलेलं होतं. त्याने ते पुसलं, 'कोपरा' लिहिलं, ते पुसलं. बराच वेळ रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. पुन्हा 'बाबा' लिहिलं आणि चौकट मिटवली.

मग ईमेल लिहायला घेतला. लांबलचक लिहिला, पुसला. माफीचा लिहिला, तोही पुसला. बाबाला ती काही सांगत नव्हती. सरांना सांगत होती. तेवढं एक दार उघडं होतं, ते आपल्या हाताने लोटायचं त्याला धैर्य नव्हतं. शेवटी लिहिलं ते एवढंच:

"मॅडम, एक भाग राहिला आहे. रफू कसं करतात ते पानावर हवं. मला ते माहीत नाही. कधी विचारलं नाही. तुम्ही लिहाल का?"

पाठवलं, आणि पानावर 'माझ्याबद्दल'च्या खाली एक मोठी रिकामी चौकट आखून ठेवली. इतकी मोठी की मास्तराने बघितली असती तर कपाळाला हात लावला असता.

उन्हं भिंतीवरून उतरून फरशीवर आली. त्याला वाटलं, संपलं. विचारायला नको होतं. उठून त्याने गार चहा ओतून दिला, कप विसळला, आणि परत येऊन बघतो तर जांभळा बाण चौकटीपाशी उभा होता.

अक्षरं उमटू लागली.

'आधी कपडा उलटा करायचा. भोकाच्या कडा साफ करायच्या, पण कात्री कमीत कमी लावायची. धागा बाजारातून आणायचा नाही, कितीही सारखा दिसला तरी तो वेगळा पडतो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून, उसवून घ्यायचा.'

संसारभर त्याच्या घरात हे चाललं होतं. बायको खिडकीशी पाठमोरी बसलेली त्याला आठवली. ती काय उसवते आणि काय विणते, हे त्याने एकदाही तिच्या पुढ्यात जाऊन पाहिलं नव्हतं. त्याने आपला बाण त्या ओळीखाली नेला आणि वाचताना बोट ठेवावं तसा धरून ठेवला. आपल्याला दिसत नसलं तरी तिला काय दिसतंय, हे आता त्याला माहीत होतं.

अक्षरं थांबली. त्याने खालच्या ओळीत जाऊन एकेक बोटाने लिहिलं:

'आतली शिवण किती उसवायची, हे कसं कळतं?'

जांभळा बाण हलला. एक ओळ उमटली, पुसली गेली. पुन्हा उमटली.

'ते लिहून नाही कळायचं. समोर बसून दाखवावं लागेल.'

त्यापुढे तिने काही लिहिलं नाही. तिचा बाण मात्र तिथून गेला नाही.