खाडीपार गेलेले वाक्य

मी एक जुना फळा आहे, पण मित्रांनो, शाळेचे तोंड मी कधीच पाहिलेले नाही. माझा जन्म ठाण्याच्या बंदरावर झाला. एका मोडक्या पडावाच्या, म्हणजे मालाच्या होडीच्या, फळ्या सुताराने जोडल्या, कोळशाची पूड तेलात कालवून मला चोळली आणि होडीच्या धक्क्यावर दोन खांबांना ठोकून दिले. आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी खाडीकाठची गावे होडीनेच ये-जा करत. होडी कधी सुटणार, भरती केव्हा येणार, हे माझ्यावर खडूने लिहिले जाई. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. बाकीचे ऐकत आणि आपापल्या गावी जाऊन सांगत.

माझ्यावर लिहिणारा कारकून होता कॉस्मास. त्याचे तारुण्य वल्ही मारण्यात गेले. तिशी उलटल्यावर तो पाद्रीबाबांच्या शाळेत लहान मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि अक्षरे शिकला. त्याची जिद्द पाहून मी थक्क होई. पण अक्षर मोत्यासारखे झाल्यावर त्याला वाटू लागले, की आता आपले लिहिणेही भारदस्त हवे. सरकारी जाहीरनामे तो घोकून घोकून पाठ करी. "होडी दुपारी सुटेल" हे त्याला फार साधे वाटे. म्हणून तो लिही, "नौकेचे प्रस्थान मध्याह्नोत्तर होईल." लोक ऐकून माना डोलावत, "वा!" म्हणत आणि मग होडी कधी सुटणार ते नावाड्याला विचारत. खोटे कशाला बोलू, ते जड शब्द मिरवताना माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. धक्क्याजवळच्या विहिरीचे पाणी पिऊन काही खलाशी दगावले. डॉक्टरांचा निरोप आला, की विहिरीबद्दल ताबडतोब फळ्यावर लिहा. कॉस्मासने सदरा नीट केला, नवा खडू घेतला आणि मन लावून लिहिले: "प्रस्तुत कूपातील जलाचे प्राशन आरोग्यास अपायकारक असल्याचे निदर्शनास आल्यावरून सर्व जनांस विदित करण्यात येते की, त्यापासून परावृत्त व्हावे." त्याने ते स्वतःच खणखणीत आवाजात वाचून दाखवले. मंडळींनी कौतुकाने ऐकले. मग कळश्या उचलून ती विहिरीकडे गेली.

त्यांत हौसाबाई होती. पलीकडच्या गावातून ती सुकी मासळी विकायला येई, आणि कॉस्मास वल्ही मारायचा तेव्हापासून त्याला ओळखत होती. जाता जाता ती म्हणाली, "लय गोड वाचतोस रे कॉस्मास! देवलान पोथी ऐकल्यासारखा वाटला."

कॉस्मास खूश होऊन हसला. आणि वळून पाहतो तर काय, हौसाबाईने पाणी शेंदून ओंजळ तोंडाशी नेलेली!

तो धावत सुटला. "अगो, पिवू नको! टाक ते पानी! मानसा मेली या पान्यानं!"

हौसाबाईच्या ओंजळीतले पाणी खाली सांडले. भोवतालच्या बायांनी भरलेल्या कळश्या तिथेच उपड्या केल्या. हौसाबाई म्हणाली, "मंग मगापासून हे का नाय सांगितलास? आनि आता पानी भराचा कुठं?"

कॉस्मास माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतकी वर्षे कष्टाने मिळवलेले ते सुंदर वाक्य त्याने एकदा पाहिले. साधे लिहिले तर बंदरावरचे साहेब हसतील, आपण पुन्हा वल्हेवालेच ठरू, ही त्याची भीती मला कळत होती. तरी त्याने फडके घेतले आणि मला लख्ख पुसले. मग जसे ओरडला होता तसेच लिहिले: "या विहिरीचे पाणी पिऊ नका. या पाण्याने माणसे मेली आहेत. वरच्या आळीतल्या विहिरीवर जा."

मित्रांनो, इतके हलके शब्द माझ्यावर कधीच आले नव्हते. आणि त्यांची ताकद काय सांगू! दुपारपर्यंत त्या विहिरीवर चिटपाखरू उरले नाही. सकाळी आधीच पाणी भरून नेलेल्यांचे काय झाले, ते मात्र मला कधी कळले नाही. ती रुखरुख मला अजून आहे.

पुढे काही दिवसांनी कॉस्मास विहिरीवर झाकण घालायला गेला. तेवढ्यात खाडीपलीकडच्या कोपर गावाहून आलेल्या होडीतून राघो नावाचा कोळी उडी मारून धावत आला. साथ आल्यापासून तो या धक्क्याला फिरकला नव्हता, आणि अक्षरांशी तर त्याचा दुरूनही संबंध नव्हता. विहिरीशी वाकलेल्या या अनोळखी माणसाचा हात धरून तो ओरडला, "भाऊ, या इहिरीचा पानी पिवू नको! मानसा मेली या पान्यानं. वरच्या आलीतल्या इहिरीवर जा!"

"कोनी सांगितला तुला?" कॉस्मासने हळूच विचारले.

"कोनी म्हंजे? आमच्या कोपरला पोराटोरांना पन ठावं हाय."

ते आपणच लिहिले आहे, हे कॉस्मासने त्याला सांगितले नाही. त्याने फक्त हात जोडले आणि तो खाडीपलीकडे पाहू लागला. मीही पाहत होतो. खांबांना ठोकलेला मी जागचा हललो नव्हतो, आणि माझ्यावरचे वाक्य तोंडातोंडाने खाडी ओलांडून, एक शब्द न सांडता, कोपरला जाऊन आले होते!

आता मी वखारीच्या कोपऱ्यात उभा असतो. माझ्यावर कोणी लिहीत नाही. तुम्ही मात्र मोठे झालात तरी लिहिणे सुधारत राहा, माझे एवढेच मागणे आहे. लिहून झाले की ते एकदा मोठ्याने वाचा, आणि समोर कुणीतरी तहानलेले, ओंजळ तोंडाशी नेऊन उभे आहे असे समजा.