तासाला एक थांबा

मस्कतमधल्या अझैब्याच्या त्या घरात दुपारी दोन ते साडेतीन एवढाच वेळ ज्ञानदाच्या मालकीचा होता. रेवा झोपलेली असायची, नवरा, कौशिक, अल् खुवैरच्या ऑफिसात, आणि अप्पा हॉलमधल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. झोपलेत की नुसते पडलेत, हे कळायला मार्ग नसायचा. त्या दीड तासात ती ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्याच सलालाच्या सहलीचा तक्ता भरायची. बसलं की झोप येते, हे तिला रेवाच्या जन्मापासून ठाऊक होतं.

मस्कतहून सलाला हजार किलोमीटर. ओमानच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला शुक्रवार-शनिवार आणि कौशिकची एक रजा जोडून पाच दिवस. जाताना दोन मुक्काम, सलालाला एक, येताना एक, चारही तंबूत. दोन गाड्या: एक यांची, एक यश आणि तेजश्री या मित्र जोडप्याची. तक्त्यात रकाने होते अंतराचे, पेट्रोलचे, तंबू ठोकायच्या जागेचे. शेवटचा रकाना होता संडासाचा. तो तिने रेवासाठी घातला होता. तिसरं वर्ष लागता लागता पोरीचं डायपर नुकतंच सुटलं होतं.

आणि ते सुटलं होतं अप्पांमुळे.

अप्पा म्हणजे ज्ञानदाचे वडील, चंद्रहास. चिपळूणच्या एसटी डेपोत तेहेतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, ज्ञानदाने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. आल्याच्या आठवड्यातच त्यांनी नातीसाठी बससेवा सुरू केली. दर तासाला ते हॉलच्या मधोमध उभे राहून डोक्यावरची नसलेली दोरी ओढायचे. "टिंग. गाडी थांबली. उतरून घ्या, पुढे लवकर थांबा नाही." मग आजोबा आणि नात हात धरून बाथरूमकडे जायची. आधी एक आत, दुसरा दाराशी, मग बदली. परत येताना रेवा ओरडायची, "टिंग टिंग!" एक घंटा थांबायची, दोन घंटा निघायच्या, हे तिला एबीसीडीच्या आधी आलं.

खरं तर ती वेळ अप्पांचीही होती. त्यांना तासाभरापलीकडे धरवत नसे. गोळ्या चालू होत्या, फरक नव्हता. पण खेळाच्या आडून त्यांचंही भागायचं, आणि घरात त्याबद्दल कुणाला चकार शब्द काढावा लागायचा नाही.

निझव्याच्या वेळी मात्र लागला. ऑक्टोबरात हेच दोन संसार एका दिवसासाठी किल्ला बघायला गेले होते. जाताना अप्पांसाठी चार वेळा गाडी बाजूला घ्यावी लागली. यश हसत म्हणाला, "काका, तुमची गाडी लाल डबा आहे, प्रत्येक फाट्यावर थांबते." अप्पाही हसले. येताना मात्र ते काही बोलले नाहीत, आणि घरी पोचल्यावर उतरायलाच तयार होईनात. सगळे वर गेल्यावर उतरले. "पाणी सांडलं गं बाटलीतलं," ते म्हणाले. ज्ञानदाने ती पँट बादलीत भिजवली, हाताने धुतली. दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पण मागच्या सीटवर अप्पांनी अंथरून घेतलेल्या टॉवेलकडे यशने एकदा बघितलं होतं, ते तिच्या मनातून जाईना.

त्यामुळे नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, अप्पांनी चहाचा कप हातात घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "मध्ये सोय आहे ना गं सगळीकडे?" तेव्हा ती लगेच बोलली. इतकी लगेच, की नंतर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"नाही ना अप्पा. आदम गावापर्यंत ठीक आहे. पुढे तीन-तीनशे किलोमीटर नुसतं वाळवंट. काहीच नाही."

लॅपटॉप समोरच उघडा होता. तिने तक्ता त्यांच्याकडे फिरवला. शेवटचा रकाना तिने अप्पा चहा घेऊन येताना दिसले तेव्हाच लपवून टाकला होता.

अप्पांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मग मी इथेच बरा. खालचे हुसैनमियाँ आहेत सोबतीला. तुम्ही तरुण माणसं, करा मजा."

"एकटे कसे राहाल?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

"वस्तीच्या गाडीवर गेल्यासारखा राहीन. गावात रात्र काढायची, सकाळी निघायचं."

तिचा जीव भांड्यात पडला. तेच तिला पुढे दहा दिवस टोचत राहिलं. खोटं बोलण्याचं कारण तिने स्वतःला पटवून दिलं होतं: त्यांचीच लाज राखली, चारचौघांत पुन्हा तसं झालं असतं तर त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण जीव भांड्यात पडला होता तो तिचा स्वतःचा. कौशिकला तिने एवढंच सांगितलं, "अप्पा नको म्हणतात, प्रवास झेपत नाही." कौशिक म्हणाला, "अरे, गंमत आली असती." आणि तो तंबूच्या खुंट्या मोजायला लागला.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला अप्पा खाली गाडीशी आले. सदरा, लेंगा, खांद्यावर पंचा. रेवा अर्धवट झोपेत. "आजोबा, तू का नाही येते?" तिने विचारलं. "माझी ड्युटी आहे ना इथे, डेपोत," अप्पा म्हणाले. मग त्यांनी ज्ञानदाच्या पर्समध्ये घडी घातलेला कागद सरकवला. "रेवाच्या वेळा आहेत. गाडीत वाच. तिने मला शब्द दिलाय, डायपर नाही घालणार म्हणून. तिला धरून ठेवायला लावू नका."

कागद तिने निझवा मागे पडल्यावर उघडला. रेवाच्या चित्रकलेच्या वहीतलं पान, पट्टीने आखलेलं. क्रमांक, ठिकाण, अंतर, वेळ, शेरा. अक्षर डेपोतल्या फळ्यावरचं, ठसठशीत. वर लिहिलं होतं: 'मस्कत–सलाला. माहिती : हुसैनमियाँ, याच रस्त्यावर अकरा वर्षे ट्रेलर चालवला.' आणि खाली तेरा थांबे. तासाला एक, कुठेही चुकलेला नाही.

'३. आदम. पंपामागे मशीद, शेजारी तीन संडास. पाणी भरपूर. एका दाराची कडी लागत नाही, बाहेर कुणी उभे राहावे.'

'५. पंप, हॉटेल. कमोड आहे. हॉटेलवाला मलबारी, चांगला माणूस, चहा न घेताही जाऊ देतो.'

'७. हैमा. सर्व सोय. बसही इथे थांबते.'

आदमनंतर दहा थांबे होते. तिने काहीच नाही म्हणून सांगितलेल्या रस्त्यावर दहा.

अगदी तळाला, एसटीच्या सवयीने, त्यांनी प्रवासी लिहिले होते. 'पूर्ण ३, अर्धे १.' तीनवर एक आडवी रेघ होती आणि शेजारी, दुसऱ्या पेनाने, दोन.

ज्ञानदाने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. म्हणजे हा तक्ता नऊ तारखेच्या आधीचा होता. ते चहा घेऊन आले तेव्हा तो त्यांच्या खिशात असणार. दाखवायलाच आले असणार. सोय आहे ना गं, असं विचारलं ते तिने 'बघावं लागेल' म्हणावं आणि आपण खिशातून कागद काढून तिला चकित करावं म्हणून. आणि तिने पडदा फिरवला.

"काय झालं?" कौशिकने विचारलं. "गाडी लागतेय का?"

"आदमला थांब."

आदमच्या पंपावर तिने रेवाला मशिदीमागे नेलं. तीन दारं होती. पाणी भरपूर होतं. बाहेर आल्यावर तिने कौशिकला गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन सगळं सांगितलं. रकान्याचं, टॉवेलचं, पँटचं. 

"मला म्हणालीस त्यांनाच नकोय."

"हो."

"मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर तंबूचं बोलत होतो, ज्ञानदा. ते मला विचारायचे, खुंटी वाळूत कशी धरते. मी समजावून सांगायचो." तो थांबला. "परत जायचं? जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर. आजचा दिवस गेला."

तिने कागद पुढे केला आणि सातव्या थांब्यावर बोट ठेवलं. साडेआठ वाजले होते. सलालाची दहाची बस अझैब्याच्याच स्टँडवरून सुटायची, घरापासून दहा मिनिटांवर.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आदम आलं?" अप्पा म्हणाले. "कडी लागते का?"

"तिन्ही लागतात."

"मग दुरुस्ती झालेली दिसते. हुसैनमियाँला सांगतो. तूही कागदावर खोडून टाक."

"अप्पा, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

 "रेवा गेली का नीट?" त्यांनी विचारलं.

"गेली. अप्पा, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांचा आवाज सपाट होता, रागाचा नाही. "तेहेतीस वर्षं खिडकीत बसलो. माणूस येऊन विचारतो, साहेब, गाडी आहे का? कधीकधी गाडी असते, पण नाही म्हणावं लागतं. त्याला कळतं. भांडणारे भांडतात. बाकीचे जाऊन बाकावर बसतात. मी 'नाही' म्हणत आलो बाळा, मला 'नाही' ऐकायची सवय पाहिजेच."

तिला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दहाच्या बसने या. हुसैनमियाँ सोडतील स्टँडवर. साडेचारला हैमा. आम्ही तिथे थांबतो. बस मध्ये दोनदा थांबते, तुम्हीच लिहिलंय."

"तुमचा मुक्काम हैम्याच्या अलीकडे ठरलाय."

"बदलू."

"तुझ्या त्या मैत्रिणीला चालेल का?"

"अप्पा, या."

 मग ते म्हणाले, "एक जादा पँट घेतो पिशवीत. असू दे."

ती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली, त्यांनी ठेवल्यानंतरही.

यश-तेजश्रीला सांगताना तिची मान वर होईना. पण यश म्हणाला, "तंबू हैम्याच्या पुढे टाकू. प्लॅन म्हणजे काय सातबारा आहे, बदलायला तलाठी लागतो?" तेजश्रीने इन्स्टावर हेरून ठेवलेली टेकडी मुकाट्याने सोडली, तोंड जरा फुगवून. तेवढं ज्ञानदाला बरंच वाटलं. कुणीतरी रागावायला हवं होतं.

हैम्याला सगळेजण साडेतीनपासून स्टँडच्या सावलीत बसले होते. बस वीस मिनिटं उशिरा आली. आधी कामगार उतरले, गाठोडी उतरली, मग दाराच्या दांड्याला धरून अप्पा उतरले. इस्त्रीची पँट, खांद्यावर पंचा, हातात कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून पाण्याची बाटली दिसत होती. सील न तोडलेली.

"ड्रायव्हर उत्तम आहे," ते म्हणाले. "गियर टाकतो ते कळतसुद्धा नाही."

त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पाणी नाही प्यायलात?"

"प्यायलो की, निघताना."

"निघताना म्हणजे कधी?"

"घरी. चहा घेतला ना." त्यांनी नजर रेवाकडे वळवली. "म्हटलं, परका मुलूख, परकी गाडी. कशाला कुणाला थांबायला लावा."

सात तास. ज्ञानदाने बाटलीचं झाकण फिरवलं आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चार घोट घेतले आणि झाकण लावू लागले. "बाकीचं मुक्कामाला."

"आत्ताच प्या अप्पा. लागलं तर गाडी थांबेल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. न थांबता निघून गेलेल्या एखाद्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दुसऱ्या दिवशी माणूस बघतो, तसं. राग नव्हता त्यात, नोंद होती. मग त्यांनी आणखी एक घोट घेतला. तिच्या समाधानासाठी घेतला, हे तिला कळलं.

पुढे वीस किलोमीटरवर तंबू टाकायचा होता. सूर्य उतरत होता, रस्ता सरळसोट. अप्पा मागे रेवाशेजारी बसले होते, आणि रेवा त्यांना इंग्रजीत उंटांची संख्या सांगत होती. दहाबारा किलोमीटरनंतर ते गप्प झाले. ज्ञानदाने आरशात पाहिलं. त्यांनी गुडघे जवळ घेतले होते, पिशवी मांडीवर ओढली होती, आणि ते खिडकीबाहेर बघत होते. 

तिने हात वर नेला आणि नसलेली दोरी ओढली. "टिंग."

कौशिकने तिच्याकडे पाहिलं. "आता काय? आठ किलोमीटर राहिलेत."

"मला उतरायचंय. बाजूला घे."

त्याने गाडी बाजूला घेतली. मागून यशची गाडीही येऊन थांबली. यशने काच खाली केली, तेव्हा ज्ञानदाच ओरडली, "माझ्यासाठी थांबलोय. काय म्हणायचं ते मला म्हण." यशने काच वर केली.

ती रस्त्याच्या उतारावरून वाळूच्या उंचवट्यामागे गेली आणि नुसतीच उभी राहिली. वारा गार होता. तिला काही नको होतं. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूने चपलांचा आवाज आला.

"मीही पाय मोकळे करून घेतो," अप्पा कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, आणि दुसऱ्या उंचवट्यामागे गेले.

ती मुद्दाम वेळ लावत राहिली. त्यांचं झाल्यावर, ते गाडीपाशी पोचल्यावर, मगच परतली. त्यांच्या हातात बाटली होती, आणि ते पाणी पीत होते.