नांदूरघाट शाखेचा पहिला ठराव

"अंगठा हितं लाव, अन् जरा दाबून लाव. हैदराबादला दिसला पायजे," उत्तरेश्वर गुत्तेदार म्हणाले.

भिवराबाईचा अंगठा चुन्याने इतका झिजला होता, की कागदावर नुसता काळा ठिपका उमटला. रेघ एकही नाही. मुनशी पंडितने तिसऱ्यांदा घेऊन पाहिला आणि नाद सोडला.

"कावून घेताय अंगठा?" तिने विचारलं.

"तू अंजुमनची सभासद झालीस."

"अन् काम?"

"काम तेच."

अंजुमन म्हणजे निजामाच्या सगळ्या मुलखातल्या बांधकाम गुत्तेदारांची, म्हणजे ठेकेदारांची संघटना. हैदराबादेत तिचं दफ्तर होतं, शिक्का होता आणि उर्दूत छापलेलं नियमांचं पुस्तक होतं. सरकारी बांधकाम खात्याशी तंटा झाला, तर गुत्तेदाराची बाजू मांडायची हे तिचं काम. खातं गुत्तेदाराचं ऐकत नसे, शिक्क्याचं ऐके. अट एवढीच, की तक्रार शाखेच्या ठरावाने यावी आणि ठरावाला पाच सभासद असावेत. नांदूरघाट शाखेत एकच सभासद होता, उत्तरेश्वरराव. तेच अध्यक्ष, तेच चिटणीस. तीन वर्षांत एकही सभा त्यांनी चुकवली नव्हती.

तंटा असा होता. ओढ्यावरच्या नव्या पुलाच्या मधल्या कमानीला बोट जाईल एवढी भेग पडली. खात्याच्या साहेबांनी वाकून पाहिलं आणि काम बंद केलं. आता गुत्तेदाराचं नाव सरकारी यादीतून जाणार होतं. तेव्हा उत्तरेश्वररावांनी पंडितकडून नियम वाचून घेतले. नवव्या नियमात सुटका निघाली: दोष मजुराचा असेल तर गुत्तेदार निर्दोष. मजुराला काढावं आणि त्याचं नाव मुलूखभर कळवावं. चुना भिवराबाईच्या घाणीतला, तेव्हा दोष भिवराबाईचा. गवंडी शहादेव आणि दोन पाथरवट यांना सभासद करून झालं, तरी एक माणूस कमी पडत होता; ठराव लिहिणारा मुनशी नियमाने मोजत नसत. जवळ भिवराबाईच होती. अंगठा तो अंगठा, असा अध्यक्षांनी विचार केला.

तीस वर्षं ती चुन्याची घाणी चालवत होती. गोल चरात चुना, वाळू आणि विटांची भुकटी, त्यावरून फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल आणि बैलामागे भिवराबाई. एवढंच सरळ चालली असती, तर अंजुमनच्या दफ्तरात कितीदा तरी जाऊन आली असती. केजच्या बाजूची दोन देवळं, एक मशीद आणि एक कचेरी तिच्या चुन्यावर उभी होती. तिचा चुना कच्चा, असं एकदा मुलूखभर छापून गेलं असतं, तर तिला अंगण सारवायलाही कुणी बोलावलं नसतं.

सभा निंबाखाली भरली. पंडितने ठराव वाचला, "कच्च्या चुन्यामुळे कमान भेगाळली, सबब घाणीवाली भिवराबाई..." आणि तो थांबला, कारण ती समोरच बसली होती.

"मी सभासद हाय ना?" ती म्हणाली.

"हायस की," अध्यक्ष म्हणाले.

"मंग समदं पुस्तक वाचा."

"लई मोठं हाय ते."

"बैल सोडायला लई वखत हाय अजून."

पंडित वाचत गेला, मराठीत सांगत गेला. अध्यक्ष नवव्या नियमाच्या पुढे कधी गेलेच नव्हते. अकरावा निघाला: चुना कच्चा म्हणण्याआधी भेगेतलं ढेकूळ तीन दिवस पाण्यात ठेवावं. विरघळलं तर कच्चा.

शहादेवने छिन्नीने ढेकूळ काढून घागरीत टाकलं आणि सभा तहकूब झाली. तीन दिवस वाटेने जाणारा प्रत्येक जण घागरीत डोकावून गेला. चौथ्या दिवशी ढेकूळ होतं तसंच निघालं. पाणी इतकं नितळ होतं, की अध्यक्षांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

"मंग कमान कावून फाटली?" एका पाथरवटाने विचारलं. सभासद झाल्यापासून त्याला प्रश्न पडू लागले होते.

शहादेव जमिनीकडे बघत म्हणाला, "खालचा लाकडी आधार महिनाभर ठिवावा लागतो. आमी आठव्या दिशी काढला."

"कुणी काढला?"

"मीच. मालक म्हणले, काढ."

पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. ते लाकूड उत्तरेश्वररावांच्या मुलीच्या लग्नमांडवाला लागलं होतं, आणि सगळी सभा त्या मांडवात जेवली होती.

"बुंदी चांगली झाली हुती," भिवराबाई म्हणाली. "पर माझ्या चुन्याला महिना पायजे हुता, मालक."

"भिवरा, कुणाच्या कामावर हायस तू?"

"तुमच्याच. बैलामागं तुमची मजूर हाय, हितं सभासद हाय. मुनशी, ल्ह्या: चुना पक्का, लाकूड लग्नाला गेलं, मालकांनी कमान पुन्यांदा बांधावी. अन् घ्या हात."

चार हात वर झाले. अध्यक्षाने आपल्याच शाखेत एकटं पडणं बरं दिसत नाही, म्हणून थोड्या वेळाने पाचवाही झाला. ठराव एकमताने मंजूर होऊन हैदराबादला गेला.

हैदराबादेत खळबळ उडाली. अंजुमनकडे आजवर आलेल्या प्रत्येक ठरावात गुत्तेदार निर्दोष होता. गुत्तेदाराचा दोष सांगणारा हा पहिलाच. अंजुमनने शिक्का मारून तो खात्याकडे पाठवला आणि खात्याने प्रथमच शिक्क्याबरोबर कागदावरही विश्वास ठेवला. असा ठराव करणाऱ्या अध्यक्षाचं नाव यादीत राहू द्यावं, असं उत्तर आलं. उत्तरेश्वररावांनी ते चारचौघांत इतक्यांदा वाचून घेतलं, की ठराव आपणच मांडला होता असं त्यांना वाटू लागलं.

कमान पुन्हा चढली. आधार महिनाभर राहिला, वर चार दिवस जास्तच. तो काढताना कमानीखाली जबाबदार माणसाने बसायचं, अशी तिकडची पद्धत. मान गुत्तेदाराचा होता, पण त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. शहादेव पुढे झाला.

"तू आधार काढ," भिवराबाई म्हणाली. "मी बसते."

ओढ्याच्या वाळूत बसून तिने फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. शहादेवने एकेक पाचर ठोकून सैल केली. लाकडं खाली आली. वरून थोडी भुकटी भाकरीवर पडली, ती तिने फुंकली. कमान होती तिथेच होती.

पुलावरून पहिली जायची म्हणून साहेबांची बग्गी तोंडाशी उभी होती. गाडीवानाने लगाम उचलला, तेव्हा साहेबांनी वाकून खाली पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. खाली भिवराबाई दुसरी भाकरी मोडत होती.