एकशे ऐंशी खोडून दोनशे दहा

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. मी पाककृतींचं एक पुस्तक बोलतोय, पण लिहिणारा हात माझा नाही. तो या घरातल्या धाकट्याचा आहे. त्याची शाळा नववीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. शब्दही साधेच असतील. ते पोटात घाला. माझ्याकडे तरी कुठे मोठे शब्द आहेत? चाळा, फेटा, मळा, गार होऊ द्या. आयुष्यभर मी एवढंच बोलत आलोय.

माझा जन्म छापखान्यात झाला. शाई नीट वाळायच्या आत मला दुमडलं, शिवलं, कडेनं कापलं आणि वर चकचकीत वेष्टन चढवलं. दुकानात माझ्या एका बाजूला बागकामाचं पुस्तक होतं नि दुसऱ्या बाजूला जाडजूड शब्दकोश. लोक मला उचलायचे, चित्रं बघून जिभल्या चाटायचे आणि परत ठेवून द्यायचे. अशी दोन वर्षं गेली. मग एका तरुण बाईनं मला उचललं. तिनं चित्रांकडे पाहिलंच नाही. सत्त्याऐंशीवं पान काढलं आणि उभ्या उभ्या चॉकलेट कुकीजची कृती शेवटपर्यंत वाचली. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत. ती या घरातली आई.

आईच्या नवऱ्याचं, म्हणजे बाबांचं, कुलपांचं दुकान आहे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. किल्ल्या घासायच्या, अडलेली कुलपं सोडवायची, कुणाचं दार बंद झालं तर पिशवी घेऊन धावायचं. माणूस सरळ आणि कष्टाळू. अभिमान एकाच गोष्टीचा, आपल्या हातून दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा दारात येत नाही.

बंद पडलेल्या एका खानावळीतून त्यांनी आईसाठी जुना ओव्हन आणला. त्याचं तापमानाचं बटण निखळलेलं होतं. बाबांनी दांडा कानशीनं घासला, बटण बसवलं, स्क्रू पिळला आणि म्हणाले, "घे. आता याच्याकडे जन्मभर बघायला नको."

आईला पहिल्याच दिवशी बघावं लागलं. कुकीज फिक्या राहिल्या, मध्ये कच्च्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती माझं पान पुन्हा पुन्हा वाचायची आणि ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी राहायची. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की बटण एक खाच चुकून बसलंय. एकशे ऐंशीवर फिरवलं तरी आत जेमतेम दीडशे तापतं.

सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक नवी किल्ली अडकते म्हणून परत आलं. बाबांनी किल्ली बदलून दिली, आणि त्या दिवशी ते ताटावरून तसेच उठले. आईनं त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहिलं. मग त्यांच्याच खिशातली पेन्सिल घेतली, माझ्यातलं एकशे ऐंशी खोडलं आणि वर लिहिलं, दोनशे दहा. पुढच्या काही दिवसांत तिनं माझी सगळी पानं अशीच सुधारून टाकली. नवऱ्याला एका शब्दानं दुखवण्यापेक्षा तिला आख्खं पुस्तक बदलणं सोपं वाटलं.

पुढची अठरा वर्षं मी लोण्यात, मैद्यात, कोकोच्या बोटांत लोळत काढली. ताई आणि धाकटा ओव्हनसमोर मांडी घालून बसायचे. बाबा दुकानातून यायचे, एक कुकी तोंडात टाकायचे आणि ओव्हनवर थाप मारून म्हणायचे, "कुणी दुरुस्त केलाय?" आई म्हणायची, "तुम्हीच." खोटं ती बोललीच नाही.

मग आई आजारी पडली. तिच्याजवळ बसायला कुणीतरी हवं म्हणून धाकट्यानं शाळा सोडली. स्वयंपाकघर थंड पडलं, जुना ओव्हन भंगारात गेला आणि तीन वर्षांपूर्वी आईही गेली. त्यानंतर शेजारच्या बाई मला मागून घेऊन गेल्या, त्या महिनाभर परत देईनात. बाबा स्वतः जाऊन मला घेऊन आले, स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. गल्लीभर किल्ल्या देणारा माणूस, पण माझ्या कपाटाची एकच किल्ली, आणि ती त्यांच्या कमरेच्या जुडग्यात.

काचेतून सगळं दिसतं, पण कुणाला काही सांगता येत नाही. ताईनं माहेरी नवा ओव्हन आणून दिला, तो मी पाहिला. त्यावर कापड घातलेलं पाहिलं. धाकटा सकाळी नऊला दुकानात बसायचा आणि रात्री आठला उठून यायचा, बोटांना पितळेचा कीस लागलेला. तो बोलायचा कमी. पाणी प्यायला आला की काचेसमोर थोडा उभा राहायचा. मला वाटायचं, मी कपाटात आहे आणि हा दुकानात, पण कुलूप एकाच माणसाचं.

पुढचं मला धाकट्याकडून मागाहून कळलं. एका शनिवारी बेकरीवाल्या काकू दुकानात कोठाराची किल्ली करून घ्यायला आल्या. त्यांचा कामाचा माणूस सोडून गेला होता. किल्ली घासणारे धाकट्याचे हात त्या निरखत होत्या. हे हात कधी मैद्यात घातलेत का, असं त्यांनी विचारलं. लाजऱ्या माणसाला उत्तर सुचायला वेळ लागतो. तो एवढंच म्हणाला की आई कुकीज करायची. काकू म्हणाल्या, सोमवारी सकाळी सहाला सहा कुकीज घेऊन ये, घरी केलेल्या. विकतच्या मला ओळखू येतात. जमल्या तर त्याच दिवसापासून कामाला.

जेवताना त्यानं बाबांना हे सांगितलं. घास हातातच ठेवून बाबा म्हणाले, "आणि दुकान? ते काय कुलूप लावून ठेवायचं?" धाकट्यानं आपलं ताट उचललं. त्यानं तेव्हाच ठरवलं असावं. कुकीज जमल्या तर जायचं, नाही जमल्या तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

रविवारी बाबा कुणाचं तरी अडकलेलं दार उघडायला लांब गेले. धाकट्यानं दुकानातून वाकडी तार आणली आणि माझ्या कपाटाचं कुलूप उघडलं. तीन वर्षांनी मला हात लागला. पान शोधावं लागलं नाही. सत्त्याऐंशीवर मी आपोआप उघडतो.

तेवढ्यात ताई आली. नवऱ्याच्या शर्टाला बटण लावायचं काम घेऊन ती स्टुलावर बसली आणि भावाची गंमत बघू लागली. लोणी एकच पुडा होतं. त्यात अठरा कुकीजचं पीठ झालं. ओव्हनच्या ताटात एका वेळी सहाच मावत होत्या. त्यानं पेन्सिलीचा आकडा वाचला आणि बटण दोनशे दहावर फिरवलं.

मला ओरडावंसं वाटलं. तो आकडा त्या ओव्हनचा होता रे, या नव्या ओव्हनचा नाही. पण पुस्तकाला छापलेलं आणि लिहिलेलं यापलीकडे वाचा नसते.

पहिल्या सहा काळ्या निघाल्या. ताई म्हणाली, "शेंडेफळ, कोळशाची वखार काढतोयस का?"

दुसऱ्या सहा त्यानं चार मिनिटं लवकर काढल्या. खाली करपलेल्या आणि मध्ये कच्च्या. आता ताईच्या आवाजातली थट्टा गेली. ती उठून माझ्यावर वाकली.

"खाली एकशे ऐंशी छापलंय की. ते लावून बघ."

"आईनं खोडलंय ते."

"खोडलं तर काय झालं?"

"तिच्या हातच्या कुकीज खाल्ल्यास ना तू? छापणाऱ्यांच्या कधी खाल्ल्यास?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते सांगता येत नव्हतं. धाकट्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. आकडा आईचा, म्हणजे खोट आपल्या हातातच, असं तो समजून बसला. उरलेलं पीठ झाकून ठेवलं, मला पुसलं आणि परत कपाटात ठेवायला निघाला. पुन्हा ती काच, पुन्हा तेच बघत राहणं. या खेपेला मी एकटा नव्हतो. तोही माझ्याबरोबर आत जाणार होता.

दारात बाबा उभे होते. घरभर करपल्याचा वास. त्यांनी आधी कपाट पाहिलं.

"कुलूप तोडलंस?"

"उघडलं."

बाबांनी कुलूप हातात घेतलं, खिडकीशी नेलं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "ओरखडा नाही," असं म्हणाले. राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी मला मागून घेतलं.

एक सांगतो. बाबांनी मला तीन वर्षं जपलं होतं, पण कधी उघडलं नव्हतं. आता त्यांनी सत्त्याऐंशीवं पान पाहिलं आणि पेन्सिलीवरून हळूच अंगठा फिरवला. पान उलटलं. केक, एकशे साठ खोडून एकशे नव्वद. पुढे पाव, दोनशे खोडून दोनशे तीस. ते भराभर पानं उलटू लागले. मग हळू. मग थांबले आणि ताईच्या स्टुलावर बसले.

"सगळीकडे तीसच," ते म्हणाले.

दोघं भावंडं बघत राहिली. बाबा माझ्याकडेच बघत बोलले, "ते बटण मी बसवलं होतं. एक खाच चुकली माझी. अठरा वर्षं ही बाई..."

ताईनं विचारलं की मग आईनं सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं तर मी..."

"चार दिवस जेवला नसतात," ताईनं हळू आवाजात वाक्य पुरं केलं.

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी झाकलेल्या पिठाकडे पाहून विचारलं की किती उरलंय. धाकटा म्हणाला, सहांपुरतं.

"एकशे ऐंशीवर लाव," बाबा म्हणाले. "या ओव्हनला मी हात लावलेला नाही."

तिघंही ओव्हनसमोर उभे राहिले. या खेपेला कडा तांबूस झाल्या, वर बारीक भेगा पडल्या आणि घरात तो वास आला. ताईनं तोंड वळवून डोळे पुसले. पण काकूंनी सहा मागितल्या होत्या आणि होत्याही सहाच, त्यामुळे चव बघायची सोय नव्हती. बाबांनी पहिल्या ताटातली एक काळी कुकी घेतली, चहात बुडवली आणि सगळी खाल्ली. कप खाली ठेवताना त्यांनी विचारलं, "किती वाजता बोलावलंय?"

"सहाला."

"मग आज लवकर झोप."

आता मी कपाटात नाही. दुकानाच्या फळीवर आहे, किल्ल्यांच्या आणि तेलाच्या वासात. गिऱ्हाईक नसलं की बाबा माझं एखादं पान उघडतात आणि पेन्सिल कुठे कुठे आहे ते बघतात. स्वयंपाकाचं पुस्तक स्वयंपाकघराबाहेर, म्हणजे म्हटलं तर ही दुसरी कोंडीच. पण या माणसाला सध्या माझी जास्त गरज आहे, म्हणून मी तक्रार करत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या पुस्तकात कुणी काही खोडून लिहिलं असेल, तर ते माणूस समोर आहे तोवर विचारून घ्या की हे का लिहिलंस. आम्हा पुस्तकांना आकडा सांगता येतो, कारण सांगता येत नाही.

त्या सोमवारचं तेवढं सांगायचं राहिलं. तेही मी पाहिलेलं नाही, धाकट्यानं सांगितलंय. सकाळी सहाला तो बेकरीच्या मागच्या दाराशी डबा घेऊन उभा राहिला. काकूंनी एक कुकी मोडली, आतला भाग बघितला, अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू खाल्ली नाहीस वाटतं अजून." त्यानं खाल्ली. मग काकूंनी नळाकडे बोट दाखवलं, आणि त्यानं कोपरापर्यंत हात धुतले.