वजनकाट्यावरची हळद

आंबिवलीजवळच्या जुन्या कचराडेपोवर संचिता राणे सुरक्षा अधिकारी म्हणून लागली, तेव्हापासून रोज सकाळी ती कामगारांना तेच सांगायची. जुना कचरा उकरताना काहीही निघू शकतं. अनोळखी लोखंडी वस्तू दिसली की हात लावायचा नाही, मशीन बंद करायचं, आल्या वाटेने मागे यायचं. कामगार ऐकायचे, म्हणजे तिचं बोलणं संपेपर्यंत उभे राहायचे. एकदा 'बॉम्ब, बॉम्ब' म्हणत सगळे पळाले होते, तो पाणी तापवायचा बंब निघाला.

त्यामुळे शुक्रवारी दुपारी पोकलेनवाला तानाजी शांतपणे चालत येऊन म्हणाला, "मॅडम, बॉम्ब निघालाय," तेव्हा तिने आधी विचारलं, "बॉम्ब की बंब?"

"शेपूट आहे त्याला."

तिने लांबूनच दुर्बिणीतून पाहिलं. गंजलेला, मांडीएवढा, मागे पत्र्याचे पंख. तिने होती तिथेच लाल झेंडा रोवला, माणसं बाहेर काढली आणि पोलिसांना फोन केला. बॉम्बशोधक पथक ठाण्याहून निघतंय, तोवर तीनशे मीटरच्या आत कुणाला ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं.

भिंतीपलीकडेच पोपटशेठ भोईरांच्या अंगणात मंडप होता. त्यांच्या दिपेशची हळद होती. डीजेचे खोके तर भिंतीला टेकूनच रचलेले.

"काका, अंगण रिकामं करावं लागेल," संचिता म्हणाली. "डेपोत बॉम्ब निघालाय."

"आज?"

"आज."

पोपटशेठनी थोडा विचार केला. "ताई, आमचे पोऱ्याची हलद हाय. तो बॉम्ब इतकी वर्सा निजलाय. उद्या उठवा त्याला."

"तो आपला आपण उठला, तर मंडप राहणार नाही."

"मंडप भारयाचा हाय," पोपटशेठ म्हणाले. पण आवाज उतरला होता. "माझे हातात काय नाय. धवलारणीला इचारा."

लग्नातले धवले गाणाऱ्या हौसाबाई दिपेशच्या पाटासमोर डोळे मिटून गात होत्या. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. नवरदेवाचा एकच गाल पिवळा झाला होता. संचिता शेजारी उकिडवी बसली. हौसाबाईंनी एक बोट वर करून तिला थांबवलं, कडवं पुरं केलं, मग डोळे उघडले.

"काय गो?"

संचिताने सांगितलं.

"कवरा लांब जायचा?"

"तीनशे मीटर. रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यापर्यंत."

"धवला मधी तोरत नाय," हौसाबाई म्हणाल्या. "पन चालत गाता येतो."

आणि त्या गातच उठल्या. त्या उठल्यावर सगळं वऱ्हाड उठलं. पाट पोपटशेठनी स्वतः काखेत घेतला. डीजे बंद झाला, संचिताने गॅस बंद केले. एवढ्यात चार पुरुष मागे वळले.

"कुठे निघालात?"

"टोप आनतो. मटन हाय त्यान."

"राहू दे," हात पसरून उभी राहत संचिता म्हणाली. "त्याला काही होणार नाही. ते आधीच मेलंय."

बायका हसल्या. पुरुष वजनकाट्याकडे वळले.

वजनकाटा म्हणजे कचऱ्याच्या गाड्या तोलायची जमिनीलगतची मोठी पोलादी प्लेट. आसपास बसण्याजोगी स्वच्छ जागा तेवढीच होती. दिपेशला तिच्या मधोमध बसवलं. मावश्या फेर धरू लागल्या, तसा वरच्या फलकावरचा लाल आकडा उड्या मारू लागला. ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हळद मागे पडली. नवरदेवाच्या मामांना चारदा चढवून उतरवलं. कुणाचा धक्का लागला की काय, यंत्रातून पावती निघाली. तीवर छापलं होतं, 'माल: मिश्र कचरा'. ती वाचून पोपटशेठनी गुपचूप खिशात घातली.

तिकडे तोवर पोचलेल्या पथकाचा जाड पोशाखातला माणूस वाळूच्या पोत्यांमागे वाकला होता. तो वाकला की इकडचे फेर आपोआप थांबत. फक्त हौसाबाईंचा आवाज चालू राही.  रोज सकाळी संचिता जे पाठ म्हणायची, ते इतकं भीतीदायक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत पथकाचे साहेब आले. "जिवंत आहे. खाणीत नेऊन निकामी करू. मशीनचं बकेट आणखी एकदा पडलं असतं, तर..."

तानाजीने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. हौसाबाईंनी साहेबांच्या आणि संचिताच्या गालाला हळद लावली.

"आता डीजे लावू काय?" पोपटशेठनी साहेबांना विचारलं. साहेबांनी संचिताकडे बोट दाखवलं.

"बॉम्बची गाडी फाट्यापुढे गेली की लावा," ती म्हणाली.

सगळे गाडीकडे बघत उभे राहिले.

मटण शिजायला उशीरच झाला. संचिता नवरदेवाच्या मामांशेजारी पंगतीत बसली होती, तेव्हा डोंबिवलीहून आईचा फोन आला. एवढा उशीर का, तिने विचारलं.

संचिताने कुठून सुरुवात करावी याचा विचार केला. डीजेच्या आवाजात ते सगळं सांगता आलं नसतं.

"हळदीला आलेय," ती म्हणाली आणि भाकरी मोडली.